शिफारसपत्र कोणाचे घ्यावे?

विद्यार्थी मित्रहो, वर्षाच्या शेवटी हाती पडणारी गुणपत्रिका तुमच्या चांगल्या परिचयाची आहे. परंतु पुढे केव्हातरी तुमच्यापैकी काहींना आणखी एक कागद लागेल. तो कागद तुम्ही लिहायचा नसतो, तो तुम्हाला वाचायलाही बहुधा मिळत नाही, आणि तरीही तो तुमच्याविषयी असतो. हा कागद म्हणजे शिफारसपत्र. ते कोणाकडून घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर ‘सर्वांत मोठ्या माणसाकडून’ असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर आहे का, हे आपण एका खऱ्या घटनेवरून तपासून पाहू.

सतरा वर्षांचा विद्यार्थी

साल १९३५. न्यूयॉर्क शहरातील सिटी कॉलेजात ज्यूलियन श्विंगर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा शिकत होता. शिकत होता असे म्हणायचे एवढेच! वर्गात तो फारसा दिसत नसे. ग्रंथालयात बसून ‘फिजिकल रिव्ह्यू’ या संशोधनपत्रिकेचे अंक आणि डिरॅक यांचे निबंध वाचण्यात त्याचा दिवस जाई. पुंजयामिकी तेव्हा अगदी नवी होती. ती या मुलाने जवळजवळ स्वतःच आत्मसात केली होती. मात्र इंग्रजीसह इतर विषयांत त्याचे गुण इतके घसरले होते की त्याचे शिक्षणच धोक्यात आले होते.

सिटी कॉलेजात शिकविणारे तरुण अध्यापक लॉइड मॉट्झ यांनी या मुलाची बुद्धी ओळखली होती. त्यांनी त्याला कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक इसिडोर राबी यांच्याकडे नेले. त्याच वर्षी आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा पुंजयामिकीवरचा प्रसिद्ध निबंध छापून आला होता. राबी आणि मॉट्झ त्यावर चर्चा करू लागले. एका मुद्द्यावर गाडी अडली. तेव्हा मागे शांत बसलेल्या श्विंगरने पूर्णतेच्या प्रमेयाचा आधार घेऊन तो मुद्दा सोडवून दाखविला. राबी चकित झाले. हा मुलगा आपल्या विद्यापीठात आलाच पाहिजे असे त्यांनी ठरविले.

पण प्रवेश देणाऱ्या अधिकाऱ्याने गुणपत्रिका पाहिली आणि नकार दिला. त्याच्या बाजूने विचार केला तर त्याचे काय चुकले? त्याच्यासमोर कागद एकच होता, आणि त्या कागदावर तर अपयशच लिहिलेले होते.

गुणपत्रिका काय मोजते?

तापमापी उष्णतामान दाखवितो, वजन दाखवीत नाही. म्हणून आपण तापमापी खोटा आहे असे म्हणत नाही. प्रत्येक उपकरण एकच राशी मोजते. गुणपत्रिकेचेही तसेच आहे. नेमलेला अभ्यास नेमलेल्या वेळात विद्यार्थ्याने कितपत पुरा केला, हे ती पुष्कळ अंशी खरे सांगते. परंतु प्रश्न न सुटल्यावर हा विद्यार्थी काय करतो, चूक सापडली तर ती लपवितो की तिचा शोध घेतो, पुस्तकाबाहेरचा विचार त्याला सुचतो का, या गोष्टी त्या उपकरणाच्या कक्षेबाहेर राहतात. त्या मोजण्यासाठी दुसरे उपकरण लागते. शिफारसपत्र हे ते दुसरे उपकरण होय.

आणि येथे उपकरण म्हणजे एक माणूस असतो. म्हणून कोणते उपकरण निवडावे हा प्रश्न कोणता माणूस निवडावा असा होतो.

बेथे यांचे पत्र

राबी यांच्यापुढे हाच प्रश्न होता. सिटी कॉलेजातील बहुतेक प्राध्यापकांनी श्विंगरला वर्गात क्वचितच पाहिलेले. त्यांनी पत्र लिहिले असते तर त्यात गुणपत्रिकेतलीच माहिती शब्दांत आली असती. राबी स्वतः लिहू शकत होते, पण प्रवेशाची मागणी त्यांचीच होती. ज्याची मागणी त्याचीच साक्ष, असे झाले असते.

तेव्हा राबी यांनी हान्स बेथे यांना विचारले. बेथे नुकतेच कॉर्नेल विद्यापीठात आले होते. वय अवघे २९, परंतु सैद्धांतिक भौतिकीत त्यांचा अधिकार सर्वमान्य होता. ते श्विंगरचे शिक्षक कधीच नव्हते. त्यांनी श्विंगरचे पुंजविद्युत्‌गतिकीवरचे लिखाण वाचले, त्याच्याशी बोलणे केले आणि जुलै १९३५ मध्ये पत्र लिहिले. त्या पत्राचा आशय असा होता की, या विषयाचे श्विंगरचे ज्ञान माझ्या स्वतःच्या ज्ञानाच्या तोडीचे आहे, आणि इतक्या थोड्या काळात, बहुतांशी एकट्याने, ते त्याने कसे मिळविले हे मला उमगत नाही.

श्विंगरला कोलंबियात प्रवेश मिळाला. तेथे राबी यांनी त्याला इतर विषयांकडेही लक्ष द्यायला लावले आणि त्याचे गुण पुष्कळ सुधारले. १९३६ मध्ये तो पदवीधर झाला आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळाली. १९६५ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक फाइनमन, टोमोनागा आणि श्विंगर या तिघांना मिळाले. कोणत्या विषयासाठी? पुंजविद्युत्‌गतिकीसाठीच. बेथे यांनी तीस वर्षांपूर्वी ज्या विषयाचे नाव पत्रात लिहिले होते, तोच हा विषय.

वर्ग बुडविणे चांगले, असा बोध मात्र कोणी यातून घेऊ नये. राबी आणि मॉट्झ भेटले नसते तर त्या गुणपत्रिकेने श्विंगरची वाट बंद केलीच होती. आपण येथे लक्षात ठेवायचे ते एवढेच की बेथे यांच्या पत्रात तीन गोष्टी होत्या. लिहिणाऱ्याने काम स्वतः पाहिले होते. ते पारखण्याइतके त्याचे त्या विषयाचे ज्ञान होते. आणि त्याने तुलनेसाठी एक माप दिले होते, ते म्हणजे ‘माझ्याइतके’.

मद्रासची दोन पत्रे

आता आपल्या देशातले उदाहरण पाहू. श्रीनिवास रामानुजन यांना एफ. ए. ची परीक्षा कधीच उत्तीर्ण होता आले नाही. गणिताच्या नादात इतर विषय मागे पडले आणि शिष्यवृत्ती गेली. १९१२ मध्ये त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. त्यात रामानुजन यांच्या गणितातील असामान्य कुवतीबरोबरच, हा तरुण आकडेमोडीत फार जलद आहे असे म्हटले होते. हिशेबाच्या कामासाठी नेमके हेच सांगायला हवे होते. महिना ३० रुपयांवर ती नोकरी त्यांना मिळाली.

पुढच्या वर्षी मागणी निराळी होती. रामानुजन यांना नोकरीच्या चिंतेतून सोडवून पूर्ण वेळ गणित करू द्यावे, असा प्रयत्न चालला होता. तेव्हा वेधशाळांचे महासंचालक गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले होते. मॉन्सूनच्या अभ्यासात ज्यांचे नाव ‘वॉकर अभिसरण’ या संज्ञेने आजही घेतले जाते, तेच हे वॉकर. त्यांना रामानुजन यांच्या वह्या दाखविण्यात आल्या. २६ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी मद्रास विद्यापीठाच्या कुलसचिवांना पत्र लिहिले.

हे पत्र अभ्यासण्याजोगे आहे. केंब्रिजच्या एखाद्या महाविद्यालयातील गणिताच्या फेलोशी तुलना व्हावी इतके हे काम स्वतंत्र बुद्धीचे वाटते, असे त्यांनी म्हटले. वॉकर स्वतः केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे फेलो होते, तेव्हा हे माप त्यांच्या हातचे होते. पण लगेच पुढे त्यांनी उणीवही सांगितली. परिणाम सर्वत्र खरे मानण्यासाठी लागणारी पूर्णता आणि काटेकोरपणा यात अजून नाही. गणिताची ही शाखा माझी नव्हे, म्हणून पक्का निवाडा मी करू शकत नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले. आणि शेवटी नेमकी मागणी केली, ती अशी की विद्यापीठाने या तरुणाला काही वर्षे तरी उपजीविकेच्या काळजीतून मुक्त करणे योग्य ठरेल.

विद्यापीठाने मे १९१३ पासून दोन वर्षांसाठी दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. मार्च १९१४ मध्ये रामानुजन इंग्लंडला निघाले.

एकाच माणसाविषयी ही दोन पत्रे. पहिल्यात आकडेमोडीचा वेग, दुसऱ्यात स्वतंत्र बुद्धी. वेगाचे पत्र विद्यापीठाकडे गेले असते तर त्याचा उपयोग काय झाला असता? यावरून दिसून येते की पत्र कशासाठी हवे हे ठरल्यावाचून ते कोणाकडून घ्यावे हे ठरत नाही. आणखी एक गोष्ट. वॉकर यांनी उणिवा सांगितल्या म्हणून पत्र दुबळे झाले नाही. उलट, ज्याला उणीव दिसते त्याने केलेली स्तुती अधिक विश्वासार्ह वाटते.

अमेरिकेतील आजची पद्धत

अमेरिकेत पदवीचा अभ्यासक्रम साधारणपणे चार वर्षांचा असतो. एक किंवा दोन वर्षे एका महाविद्यालयात काढून मग दुसऱ्या महाविद्यालयात जाणे तेथे नेहमीचे आहे. दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयातून चार वर्षांच्या विद्यापीठात जाणारे विद्यार्थीही पुष्कळ असतात. अशा बदलीच्या अर्जासोबत अनेक विद्यापीठे प्राध्यापकांची एक किंवा दोन पत्रे मागतात. सगळीच मागत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठासारखी काही संस्था सामान्यतः अशी पत्रे घेत नाहीत. म्हणून काय मागितले आहे ते नीट वाचणे ही पहिली पायरी.

या बदलीत एक अडचण आहे आणि ती वेळेची आहे. पहिल्या वर्षानंतर बदली हवी असेल तर अर्ज बहुतेक ठिकाणी मार्चच्या सुमारास द्यावे लागतात. वर्ग सुरू होतात ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे अर्ज करतेवेळी विद्यार्थ्याचे एकच सत्र पूर्ण झालेले असते! शाळेतील शिक्षक त्याला अनेक वर्षे ओळखतात, परंतु नव्या विद्यापीठाला प्रश्न असतो तो महाविद्यालयीन अभ्यास याला कसा झेपतो हा. त्यामुळे चार महिन्यांच्या ओळखीवर प्राध्यापक निवडावा लागतो, आणि ती ओळख होईल असे वागणे पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करावे लागते.

एक उदाहरण सोडवू

समजा, ‘क्ष’ हा असा एक विद्यार्थी आहे. त्याला भौतिकी शिकण्यासाठी दुसऱ्या विद्यापीठात जायचे आहे. त्याच्यापुढे चार नावे आहेत.

(अ) विभागप्रमुख. विषयातील नामवंत. वर्गात २५० विद्यार्थी. क्ष ला सर्वोच्च श्रेणी मिळाली, पण दोघांचे बोलणे कधीच झाले नाही.

(ब) कलनशास्त्राच्या अध्यापिका. वर्गात २५ विद्यार्थी. पहिल्या चाचणीत क्ष ला १०० पैकी ५५ गुण. त्यानंतर तो दर आठवड्यास त्यांच्या भेटीच्या वेळेत शंका घेऊन जाऊ लागला. शेवटच्या परीक्षेत ८८. एकूण श्रेणी दुसरी.

(क) भौतिकी प्रयोगशाळेतील साहाय्यक अध्यापक. लोलकाच्या प्रयोगात सर्वांचे गुरुत्वत्वरणाचे मूल्य थोडे कमी येत होते. क्ष ने आवर्तकालाचा वर्ग आणि दोऱ्याची लांबी यांचा आलेख काढला. रेषा सरळ आली, पण आरंभबिंदूतून गेली नाही. मागे वाढविल्यावर ती लांबीच्या अक्षाला उणे १.२ सेंटिमीटरवर छेदत होती. गोळ्याची त्रिज्या नेमकी तेवढीच! सर्वांनी लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंतच मोजली होती.

(ड) वडिलांचे मित्र. मोठ्या कंपनीत अभियंता. क्ष ला लहानपणापासून ओळखतात.

प्रथम (ड) पाहू. त्यांचा जिव्हाळा खरा, पण त्यांनी क्ष चा अभ्यास पाहिलेला नाही. त्यांना वगळू. (अ) यांच्या नावाला वजन आहे, परंतु ते लिहिणार काय? ‘या विद्यार्थ्याला माझ्या वर्गात सर्वोच्च श्रेणी मिळाली.’ ते तर गुणपत्रिकेवर आहेच. दुसरे उपकरण आणून पहिलाच आकडा पुन्हा वाचल्यासारखे ते होईल.

(ब) यांच्याकडे श्रेणी कमी असूनही माहिती अधिक आहे. ५५ पासून ८८ पर्यंतची वाट त्यांनी पाहिली आहे. कोणत्या शंका आल्या, त्या कशा सुटल्या, हे त्या सांगू शकतात. (क) यांच्याकडे लोलकाची गोष्ट आहे. ती दुसऱ्या कोणाचीही असू शकत नाही. मात्र साहाय्यक अध्यापकाच्या सहीला काही संस्था पुरेसे मानत नाहीत. अशा वेळी अभ्यासक्रमाच्या मुख्य प्राध्यापकांनी त्याच्या माहितीवरून पत्र लिहावे, किंवा दोघांनी मिळून सही करावी, अशी विनंती करता येते.

पत्राची एक सोपी कसोटी आहे. त्यातील विद्यार्थ्याचे नाव खोडून शेजारच्या बाकावरील मुलाचे नाव घाला. पत्र तरीही खरेच राहत असेल, तर त्यात माहिती नाही. ‘हुशार, मेहनती व सुस्वभावी’ हे शब्द कोणालाही लागू पडतात. लोलकाची गोष्ट एकट्या क्ष लाच लागू पडते.

दोन पत्रे, दोन दिशा

दोन पत्रे मागितली असतील तर ती कशी निवडावी? भूमापन करणारा दूरच्या टेकडीचे स्थान कसे ठरवितो ते आठवा. एका ठिकाणाहून पाहिले तर दिशा कळते, स्थान कळत नाही. दुसऱ्या ठिकाणाहून पाहिल्यावर दोन दृष्टिरेषा जेथे छेदतात तेथे टेकडी. पण दोन्ही ठिकाणे एकाच रेषेत घेतली, तर दुसऱ्या निरीक्षणाने नवे काहीच मिळत नाही.

पत्रांचेही असेच आहे. (ब) यांच्या पत्रातून चिकाटी दिसते, (क) यांच्या पत्रातून शोधक नजर. दोन्ही मिळून एक माणूस उभा राहतो. एकाच प्रयोगशाळेतल्या दोघांनी तीच लोलकाची गोष्ट लिहिली तर ते एकच पत्र दोनदा पाठविल्यासारखे होईल.

मागण्याची रीत

शिक्षकांना विचारताना ‘पत्र द्याल का?’ असे न विचारता, ‘सर, माझ्याविषयी चांगले आणि नेमके लिहिण्याइतके आपण माझे काम पाहिले आहे असे आपल्याला वाटते का?’ असे विचारावे. मनातून उत्साह नसेल तर त्यांना नम्रपणे नाही म्हणायला यामुळे जागा मिळते. कोमट पत्रापेक्षा स्पष्ट नकार बरा.

मुदतीच्या निदान महिनाभर आधी विचारावे. सोबत आपली तपासलेली वही किंवा प्रयोगाचा अहवाल, कोणत्या संस्थांकडे अर्ज करणार त्यांची यादी, प्रत्येकीची मुदत, आणि आपण का जात आहोत याचे चार ओळींचे टिपण द्यावे. हे शेवटचे टिपण नाजूक असते, कारण आपण त्या शिक्षकांचेच कॉलेज सोडून जात असतो. पण बहुतेक शिक्षक याचे वाईट वाटून घेत नाहीत. ‘येथे या विषयाचे पुढचे अभ्यासक्रम नाहीत’ असे खरे कारण सांगावे. तक्रारींचा पाढा वाचू नये.

अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला आपले शैक्षणिक कागद पाहण्याचा हक्क दिला आहे. शिफारसपत्रे पाहण्याचा हक्क मात्र विद्यार्थी स्वतःहून सोडू शकतो, आणि बहुतेक जण तो सोडतात. कारण साधे आहे. विद्यार्थी वाचणार नाही हे ठाऊक असताना लिहिलेल्या साक्षीवर वाचणाऱ्याचा विश्वास अधिक बसतो.

आपल्याकडे

महाराष्ट्रात एका कॉलेजातून दुसऱ्यात जायचे तर गुणपत्रिका आणि कॉलेज सोडल्याचा दाखला यांवर काम भागते, प्राध्यापकांचे पत्र सहसा कोणी मागत नाही. एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक दुसरीत नेता यावेत म्हणून २०२१ मध्ये देशात श्रेयांक पेढीची योजनाही सुरू झाली. परंतु उन्हाळ्यातील संशोधन-प्रकल्प, परदेशातील प्रवेश, काही शिष्यवृत्त्या येथे पत्र लागते. तेव्हा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी दाराशी उभा राहून म्हणतो, ‘सर, मी आपल्या वर्गात होतो.’ सर चष्म्यावरून पाहतात. चेहरा आठवत नाही. चूक कोणाची? शंभरांच्या वर्गात सरांची नव्हे. पण त्या मुलानेही एकदासुद्धा शंका विचारलेली नसते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींनाही एक विनंती. टेबलाच्या खणात एक लहान वही ठेवावी. कोणी चांगली शंका विचारली, कोणी चुकलेला प्रयोग पुन्हा केला, तर तारीख घालून एक ओळ लिहावी. पाच वर्षांनी एखादा विद्यार्थी पत्र मागायला येईल, तेव्हा ती एक ओळ त्याच्या फार उपयोगी पडेल. मॉट्झ यांनी श्विंगरसाठी केले ते मूळ काम हेच नव्हते का? त्यांनी पाहिले, लक्षात ठेवले, आणि योग्य दारापर्यंत त्याला नेले.

स्वाध्याय

१. तुमच्या शाळेतील तीन शिक्षकांची नावे लिहा. त्यांतील प्रत्येकजण तुमच्याविषयी कोणती एक घटना सांगू शकेल? घटना सुचत नसेल तर ती जागा कोरी ठेवा.

२. तुमच्या मित्राविषयी सहा ओळींचे शिफारसपत्र लिहा. ‘हुशार’, ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ हे शब्द वापरायचे नाहीत. मग त्यातील नाव खोडून दुसऱ्या मित्राचे घालून पाहा. पत्र अजूनही बसते का?

३. लोलकाचा प्रयोग स्वतः करा. लांबी मुद्दाम गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजा, आलेख काढा आणि रेषा लांबीच्या अक्षाला कोठे छेदते ते पाहा. जे आढळेल ते तुमच्या विज्ञानशिक्षकांना नेऊन दाखवा.